छोट्या कॉलेजात गोल्फच्या दोन टीम, कोच एकच, आणि तो कोच मी!

रसायनी | १९ ऑगस्ट
नमस्कार मंडळी. मी ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. विद्यार्थी साधारण अकराशे, गावात दोन सिग्नल आणि एक बऱ्यापैकी गोल्फ कोर्स. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या डिव्हिजन थ्रीमध्ये आम्ही, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. मुलं अभ्यास सांभाळून हौसेनं खेळतात.

जुलैत आमचे गोल्फ कोच दुसरीकडे गेले. मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही टीम तेच बघायचे. सीझन तोंडावर आलेला. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "तुझा हँडिकॅप नऊ आहे ना?" (म्हणजे हौशी खेळाडू म्हणून बरा खेळतोस ना?) मी भोळेपणाने हो म्हणालो. आता वर्षभरासाठी मी हंगामी कोच आहे. लॅब संपली की तीन वाजता कोर्सवर.

मुलांकडे नऊ जण आहेत, त्यांची काळजी नाही. मुली उरल्यात तीन. गेल्या वर्षी पाच होत्या, त्यातली एक पदवीधर झाली आणि एक या सत्रात स्पेनला शिकायला गेली. पहिली स्पर्धा सप्टेंबरच्या मध्यावर. डायरेक्टर म्हणतो, "या वर्षी तिघींना वैयक्तिक खेळव, टीमचं पुढच्या वर्षी बघू." मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये.

तर प्रश्न असे: एकाच माणसाने दोन्ही टीम चालवाव्यात का? सराव एकत्र घ्यावा की वेगळा? आणि चार आठवड्यांत मुली आणायच्या कुठून? इथे कुणी कॉलेजात खेळलंय का, किंवा कुणाची मुलं खेळतात का?

पुणेरी पट | १९ ऑगस्ट
पहिला प्रश्न राहिलाच. मानधन किती?

रसायनी | १९ ऑगस्ट
पुणेरी, तासावर भागलं तर गोल्फचे बॉल गोळा करणाऱ्याला जास्त पडत असतील.

गोट्या | १९ ऑगस्ट
तीन काय नि पाच काय, गोल्फ तर एकट्याने खेळायचा खेळ ना? टीम कशाला लागते त्याला?

अनुजा_मिनेसोटा | २० ऑगस्ट
गोट्या, कॉलेज गोल्फमध्ये टीम म्हणजे पाच खेळाडू. पाचही जण अठरा होल खेळतात आणि त्यातले चांगले, म्हणजे कमी फटक्यांचे, चार स्कोअर धरतात. समजा ७४, ७६, ७९, ८३ आणि ९५ आले, तर ९५ सोडून द्यायचा. टीम ३१२. प्रत्येक राउंडला पुन्हा हेच. म्हणून पाचवा खेळाडू ही चैन नसते, तो विमा असतो.

रसायनी, मी २००७ ते २०११ अशाच एका छोट्या कॉलेजात खेळले. पहिली दोन वर्षं आम्ही मोजून चौघी होतो. चौघी असल्या की टीम होते, पण एकीचाही स्कोअर सोडता येत नाही. एकदा दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने घाईघाईत कार्डावर सही केली. एका होलला सहा लागले होते, मार्करने (सोबत खेळून आपला स्कोअर लिहिणारीने) पाच लिहिले होते. प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्याखाली सही केली की बाद. पाच जणी असतो तर बाकी चौघींवर निभावलं असतं. आमचा मात्र त्या दिवसाचा टीम स्कोअरच गेला. गाडीत परत येताना तीन तास कुणी बोललं नाही. ती मुलगी तर चार दिवस जेवायला आमच्यासोबत बसली नाही.

तरीही सांगते, तिघींना वैयक्तिक खेळवू नका. वैयक्तिक खेळणाऱ्या मुलीला सत्तराव्या की एकाहत्तराव्या नंबरावर आलो याने काही फरक पडत नाही. एकशेवीस मारणाऱ्या मुलीला आपला स्कोअर धरणार आहेत हे कळलं की ती शेवटच्या होलवरचा चार फुटांचा पट (भोकात ढकलायचा हलका फटका) गुडघ्यावर बसून बघते. हा फरक मी स्वतःवर अनुभवलाय. ती एकशेवीसवाली मीच.

पुणेरी पट | २० ऑगस्ट
अनुजा, सहीवरून आठवलं. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दि विसेन्झोचं उलटं झालं. सतराव्या होलला तीन मारले, मार्करने चार लिहिले, याने न बघता सही केली. जास्त लिहिलं तर बाद नाही करत, पण लिहिलेला आकडा कायम. ६५ चे ६६ झाले आणि प्लेऑफ एका फटक्याने हुकला. जगात असं एवढ्या मोठ्या माणसाचं होतं, तर तुमच्या मैत्रिणीने चार दिवस उपाशी का राहावं?

अनुजा_मिनेसोटा | २० ऑगस्ट
उपाशी नव्हती हो, दुसऱ्या टेबलावर बसायची :)

झणझणीत | २० ऑगस्ट
स्पष्ट बोलतो, राग नको. वर्षाला फी भरता भरता आईबापांचं कंबरडं मोडतं आणि ही कॉलेजं गोल्फच्या टीमा पोसतात. शंभरेक एकर हिरवळ, ढीगभर पाणी, आणि खेळणारे कोण तर डॉक्टरांची पोरं. तीन मुली असतील तर बंद करा की. त्या पैशात एक लॅब असिस्टंट येईल. रसायनी, तुम्हालाच उपयोगी पडेल.

फीवसूल | २१ ऑगस्ट
झणझणीत, मी अशाच एका कॉलेजच्या प्रवेश विभागात बारा वर्षं काढलीत. तुमचा हिशोब उलटा आहे. मोठ्या विद्यापीठात खेळ हा खर्च असतो. डिव्हिजन थ्रीमधल्या छोट्या कॉलेजात खेळ ही भरतीची योजना असते. खेळासाठी दमडी द्यायची नाही हा नियमच आहे. कोचला आर्थिक मदत ठरवणाऱ्या ऑफिसात शब्दही टाकता येत नाही. म्हणजे टीममध्ये येणारी प्रत्येक मुलगी फी भरून येते. गरजेप्रमाणे किंवा मार्कांवर सूट मिळते, पण ती इतरांना मिळते तशीच.

गोल्फला स्टेडियम नको, दिवे नकोत, हेल्मेटं नकोत. गावातला कोर्स दुपारचं खेळू देतो. एक व्हॅन, हॉटेलच्या काही रात्री, बॉल, आणि अर्धवेळ कोचचं ते हास्यास्पद मानधन. एरवी या कॉलेजात न येणाऱ्या दोन-तीन मुली आल्या तरी खर्च निघतो. टीम बंद केली तर लॅब असिस्टंट येणार नाही, उलट लॅबमधल्या दोन मुली जातील.

फक्त एक. यात फसवणूकही होते. मुलांच्या टीमला वीस-बावीस जण भरायचे, स्पर्धेला पाचच न्यायचे. उरलेल्यांनी चार वर्षं फी भरून नेटमध्ये बॉल मारायचे. रसायनी, नऊच्या वर जाऊ नका.

झणझणीत | २१ ऑगस्ट
बरं. पाण्याचं काय?

फीवसूल | २१ ऑगस्ट
पाण्याचं तुमचं बरोबर आहे. पण ओहायोत वरून पडतं.

वकिलीण | २१ ऑगस्ट
"बंद करा की" इतकं सोपं नाही. १९७२ चा टायटल नाइन कायदा. मूळ वाक्य इंग्रजीत सदतीस शब्दांचं, त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव नको, एवढंच. १९७९ साली खेळांसाठी तीन कसोट्या ठरल्या. एक, कॉलेजात मुलींचं जे प्रमाण तेच साधारण खेळाडूंमध्ये असावं. दोन, नसेल तर मुलींसाठी संधी वाढवत नेल्याचा इतिहास असावा. तीन, तेही नसेल तर मुलींची आवड आणि कुवत पुरेपूर सामावून घेतलेली असावी. तीनपैकी एक पुरते.

अशा बहुतेक कॉलेजांत मुली निम्म्याहून जास्त असतात आणि अमेरिकन फुटबॉलची एक टीमच शंभर मुलगे घेऊन बसते. त्यामुळे पहिली कसोटी बऱ्याच जणांना जड जाते. मुलींची चालू टीम बंद केली की दुसरीही गेली. आणि टीम असावी म्हणून तीन मुली समोर उभ्या आहेत, म्हणजे तिसरीचीही पंचाईत. तुमच्या डायरेक्टरला "पुढच्या वर्षी बघू" हे लेखी द्यायला सांगून बघा. देणार नाही.

गंमत म्हणजे एक मुलगी दोन खेळ खेळत असेल तर ती मोजणीत दोनदा धरली जाते. त्यामुळे दुसऱ्या खेळातली मुलगी गोल्फला आली तर डायरेक्टरही खूश. तिथे शोधा.

आणि कायदा फक्त टीम आहे की नाही एवढंच बघत नाही. बॅगा, कपडे, सरावाची वेळ, प्रवास, कोचचा वेळ, सगळं बघतो. मुलांच्या माजी खेळाडूंनी वर्गणी काढून मुलांना नव्या बॅगा घेतल्या, तरी मुलींना त्या तोडीचं द्यायची जबाबदारी कॉलेजची. पैसे कुणी दिले हा बचाव चालत नाही.

गोट्या | २१ ऑगस्ट
मग सोपा उपाय. त्या तीन मुलींना मुलांच्याच टीममध्ये घ्या. एक टीम, एक कोच, एक व्हॅन. धागा संपला.

अनुजा_मिनेसोटा | २२ ऑगस्ट
गोट्या, मुलांची टीम साडेसहा हजार यार्डांच्या वर खेळते, मुली साधारण अठ्ठावन्नशे ते सहा हजार. मुलांच्या टीममध्ये खेळायचं तर मुलांच्याच टीवरून (होलची सुरुवात जिथून होते त्या जागेवरून) मारायचं. शंभरात एखादी मुलगी जमवेल. बाकीच्या नऊ मुलांच्या मागे दहाव्या, अकराव्या, बाराव्या होऊन घरी बसतील.

आणि जमवलं तरी बघा काय होतं. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एक शाळकरी मुलगी मुलांच्या टीममधून, मुलांच्याच टीवरून खेळली आणि स्पर्धेतला सगळ्यात कमी स्कोअर तिचा आला. पण त्या स्पर्धेत मुलींचा स्कोअर फक्त टीमसाठी धरायचा असा नियम होता. ट्रॉफी दुसऱ्या नंबरच्या मुलाला.

निवांत | २२ ऑगस्ट
वरच्या प्रतिसादानंतर पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसलो.

सानिकाची आई | २२ ऑगस्ट
थोडं अवांतर, पण जाणकार आहेत म्हणून विचारते. आम्ही न्यू जर्सीत. लेक दहावीत, ९० च्या आसपास मारते. इथे सगळे सांगतात की मुलींच्या गोल्फ शिष्यवृत्त्या पडून असतात, घ्यायला कुणी नसतं. खरं आहे का?

फीवसूल | २२ ऑगस्ट
सानिकाची आई, अर्धसत्य. छोट्या कॉलेजांना मुली कमी पडतात हे खरं, रसायनींचा धागा त्याचाच पुरावा. पण जिथे जागा रिकाम्या तिथे बहुधा शिष्यवृत्ती नाही, आणि जिथे शिष्यवृत्ती तिथे सत्तरीत मारणाऱ्या मुली रांगेत. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या टीमला मिळून ५.४ शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा, मुलांना ३.६, आणि त्या तुकडे करून वाटतात. डिव्हिजन वनमध्ये २०२५ पासून, खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातून निघालेल्या नव्या समझोत्यात आलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीच्या आकड्याऐवजी खेळाडूंची मर्यादा आली, गोल्फला नऊ. एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिथली छोटी कॉलेजंही पैसे देऊ शकतात. तिथे चौकशी करा.

९० मारणारी मुलगी डिव्हिजन थ्रीच्या अनेक टीमांत पहिल्या पाचांत बसेल. सगळ्या नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेथडिस्ट युनिव्हर्सिटीसारखी ठिकाणं आहेत, तिथे डिव्हिजन थ्रीच असून राष्ट्रीय विजेतेपदांचा ढीग आहे. कॉलेज आधी अभ्यासासाठी आवडू दे. लेकीने कोचला स्वतः ईमेल लिहू दे. तुम्ही नका लिहू. आईचं ईमेल पहिल्या ओळीत ओळखू येतं.

सानिकाची आई | २२ ऑगस्ट
अरे देवा. तीन पाठवलीत.

येरवडेकर | २३ ऑगस्ट
झणझणीत यांच्या "डॉक्टरांची पोरं"वर दोन शब्द. आमचं घर पुण्यात गोल्फ क्लबच्या जवळ. लहानपणी भिंतीवरून पडलेले बॉल गोळा करून विकायचो. वस्तीतली कितीतरी पोरं कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारी. उसन्या एका लोखंडी काठीने तीही खेळायची, आणि साहेबांपेक्षा बरं. अली शेर दिल्लीच्या क्लबचा कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. खेळ श्रीमंतांचा नाही, जागा श्रीमंतांची आहे. रसायनींच्या कॉलेजात गावातला कोर्स फुकट मिळतो म्हणजे ती भिंतच पडली की.

झणझणीत | २३ ऑगस्ट
हे मान्य. पण अमेरिकेत कॅडीची पोरं कुठे दिसतात? सगळे छोट्या गाडीत बसून खेळतात.

पुणेरी पट | २३ ऑगस्ट
झणझणीत, शिकागोकडे अजून आहेत. इव्हान्स स्कॉलर्स म्हणून योजना आहे, १९३० पासून. शाळकरी मुलांनी दोन-तीन उन्हाळे कॅडी म्हणून काम करायचं, मार्क चांगले हवेत, घरची गरज हवी. निवड झाली तर कॉलेजची पूर्ण फी आणि राहण्याची सोय. खेळता आलं पाहिजे अशीही अट नाही. आणि कॉलेजच्या स्पर्धेत छोटी गाडी नसते. बॅग पाठीवर घ्यायची किंवा ढकलगाडीवर. दोन दिवसांच्या स्पर्धेत कधीकधी पहिल्याच दिवशी छत्तीस होल असतात. डॉक्टरांची पोरं घाम गाळतात.

रच्याकने (बाय द वे), आपल्या उदयन मानेला टोकियो ऑलिंपिकमध्ये बघितलं का कुणी? सगळा देश अदिती अशोकच्या पाठी जागत होता, ते योग्यच म्हणा.

येरवडेकर | २३ ऑगस्ट
अदिती अशोक चौथी आली तेव्हा बॅग तिच्या आईने उचलली होती. रिओत वडिलांनी. सानिकाच्या आईने ईमेल सोडून बॅग उचलावी!

सानिकाची आई | २३ ऑगस्ट
येरवडेकर दादा, माझी कंबर बघितली नाहीत तुम्ही.

रसायनी | २९ ऑगस्ट
मंडळी, मनापासून आभार. वकिलीणबाईंचा मुद्दा डायरेक्टरसमोर ठेवला. "लेखी" हा शब्द ऐकल्यावर तो म्हणाला, "तू मुली शोध, मी व्हॅन देतो."

शोधमोहीम: नव्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यात टेबल टाकलं. प्लास्टिकचा पेला आडवा ठेवून पट मारायचा, गेला तर चॉकलेट. चॉकलेटं संपली, मुलगी एकही मिळाली नाही. व्हॉलीबॉल आणि सॉकरच्या मुलींचा सीझन आत्ताच, त्यामुळे त्या बाद. बास्केटबॉलचा सराव ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, त्या कोचने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी परत फिरलो.

मग सॉफ्टबॉलच्या कोचबाई भेटल्या. त्यांचा सीझन वसंतात. म्हणाल्या, "माझी एक कॅचर आहे, हिवाळ्याआधी तिला काहीतरी काम दे, नाहीतर ती डॉर्ममध्ये भिंतीवर बॉल मारते." आली. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या काठीने) बॉल दोनशे यार्डांच्या पुढे मारला. कुठल्या दिशेने ते मात्र विचारू नका. शेजारच्या फेअरवेवरचे दोन आजोबा बाकाखाली गेले.

म्हणजे आता चौघी. अनुजाताई, टीम झाली. पण विमा नाही.

अनुजा_मिनेसोटा | २९ ऑगस्ट
वा! सॉफ्टबॉलवाल्यांना ड्रायव्हर शिकवू नका. मनगटं आणि कंबर त्यांच्याकडे आधीच असते. टीवरून हायब्रिड (मारायला सोपी काठी) द्या, दीडशे यार्ड पण सरळ. उरलेला सगळा वेळ ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) भोवती पन्नास यार्डांत. नव्या मुलीचे फटके तिथे जातात. तीन चिप (छोटे उचलते फटके) आणि तीन पट, की सहा गेले. कप तेवढाच, सव्वाचार इंच, पण सुरुवातीला तो बांगडीएवढा वाटतो.

आणि ती वसंतात जाणार हे आत्ताच गृहीत धरा. मार्चमध्ये पुन्हा तीनवर याल.

रसायनी | २९ ऑगस्ट
ते डोक्यात आहे. पण आधी सप्टेंबर.

सरावाचं असं चाललंय: बुधवारी कोर्सवर गावकऱ्यांची लीग, म्हणून आम्हाला बंद. बाकी दिवशी तीन वाजता सगळे एकत्र. पण एकत्र म्हणजे काय होतं, तर नऊ मुलगे सराईतपणे पुढे निघतात, मी त्यांच्यात अडकतो आणि मुली रेंजच्या टोकाला आपापल्या. परवा मी सतरा मिनिटं एका मुलाच्या बंकर शॉटवर बोललो. त्याला तो शॉट माझ्यापेक्षा चांगला येतो.

निवांत | ३० ऑगस्ट
प्राध्यापकाची सवय. ज्याला येतं त्यालाच शिकवायचं.

वकिलीण | ३० ऑगस्ट
निवांत +१. रसायनी, दोन दिवस एकत्र, दोन दिवस वेगळे घ्या. वेगळ्या दिवसांपैकी निदान एकदा मुली आधी आणि मुलं नंतर. चांगली वेळ नेहमी मुलांना मिळते हे कागदावर दिसत नाही, पण चार वर्षांत मुलींना दिसतं.

फीवसूल | ३० ऑगस्ट
आणि मुलांपैकी जे प्रवासाला येणार नाहीत, त्या चौघांना रिकामे ठेवू नका.

गोट्या | ३० ऑगस्ट
व्हॅनचं काय ठरलं? मला धाग्यात आता फक्त व्हॅनमध्ये रस आहे.

रसायनी | ३१ ऑगस्ट
गोट्या, ऐका. पंधरा सीटची व्हॅन उलटण्याचा धोका असतो म्हणून कॉलेजात बंदी. बारा सीटची आहे. पाच मुलगे, चार मुली, मी, म्हणजे दहा. वाटलं आरामात. पण गोल्फच्या नऊ बॅगा माणसांपेक्षा जास्त जागा घेतात! मागची सीट काढली तर बॅगा बसतात पण माणसं बसत नाहीत. शेवटी सॉफ्टबॉलची कॅचर दोन बॅगांच्या मध्ये मांडी घालून बसायला तयार झाली, ते मी नाकारलं, आणि बायकोची गाडी मागोमाग न्यायची ठरवली. बायको सोबत, तिच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही सोबत. मुलांच्या जेवणाला कॉलेज ठरावीक डॉलर देतं, त्यात रस्त्यावरचा बर्गर येतो. सरावाला नेली तेव्हा दशमी पहिल्यांदा कुणी हातात घेईना. आता रोज विचारतात.

पुणेरी पट | ३१ ऑगस्ट
भरतीच्या पत्रकात दशमीचा फोटो टाका.

रसायनी | ८ सप्टेंबर
पाचवी मिळाली!! तीही माझ्या डोळ्यांसमोर होती. कोर्सवर पेयांची गाडी चालवणारी मुलगी आमच्याच कॉलेजची, दुसऱ्या वर्षाची. दोन उन्हाळे तिथे काम करतेय. मालक संध्याकाळी कर्मचाऱ्यांना फुकट खेळू देतो, त्यामुळे एकटीच नऊ होल खेळते. विचारलं, "स्पर्धेत खेळशील का?" म्हणाली, "मला वाटलं त्यासाठी आधी कुणीतरी बोलावलेलं असावं लागतं." नियम सगळे तोंडपाठ. लोकांची भांडणं ऐकून शिकली म्हणे.

अनुजा_मिनेसोटा | ८ सप्टेंबर
हे वाचून अंगावर काटा आला. किती जणी अशा गाडीतून फिरत असतील.

रसायनी | १३ ऑक्टोबर
वृत्तांत द्यायला उशीर झाला, क्षमस्व. मध्यावधी परीक्षांचे पेपर.

सप्टेंबरच्या पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री आमच्या पाचपैकी एकीला ताप. म्हणजे पुन्हा चौघीच. विमा उतरवला आणि हप्ता भरायच्या आत अपघात. पहिला दिवस: ८८, १०१, १०९ आणि कॅचरचे १३१. एकूण ४२९. तिने सातव्या होलवर तळ्यात चार बॉल घातले. चौथ्यानंतर माझ्याकडे बघून म्हणाली, "कोच, हे मोजतात का?" मोजतात म्हणालो. कॉलेज गोल्फमध्ये कोचला खेळाच्या मध्ये सल्ला देता येतो, एरवी फक्त कॅडीला किंवा जोडीदाराला विचारता येतं. मी सल्ला दिला, की तळ्याच्या बाजूने जा, वरून नको. पाचवा बॉल बाजूने गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गवतावर दव गोठलेलं. त्यावर पाय दिला की पाती मोडतात, म्हणून तासभर खेळ थांबवला. सगळ्या मुली क्लबहाउसात घोंगड्या पांघरून. मग ८६, ९९, १०६, १२२. एकूण ४१३. सोळाने खाली. शेवटून पहिला नंबर आदल्या दिवशीही आणि त्या दिवशीही. पण निकालाच्या पानावर कॉलेजचं नाव होतं, आणि त्यासमोर आकडा होता. कॅचरने त्याचा फोटो काढून सॉफ्टबॉलच्या ग्रुपवर टाकला. दोन जणींनी वसंतानंतर येऊ का म्हणून विचारलंय.

आता दुसरी बाजू. मुलांची स्पर्धा त्याच क्लबच्या दुसऱ्या कोर्सवर होती. दोन्ही दिवस मी मुलींसोबत चाललो, मुलांकडे शेवटच्या तीन होलांना पोचलो. ते पाचवे आले. माझ्या सगळ्यात चांगल्या खेळाडूने परत येताना शांतपणे विचारलं, "सर, आमच्याकडे कोच आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे फिरून मूळ प्रश्न तिथेच. एकाच माणसाने दोन टीम चालवाव्यात का?

अनुजा_मिनेसोटा | १४ ऑक्टोबर
चालवू नयेत, पण चालवतात. आमच्याकडेही एकच होता, आणि तो कायम मुलांकडे असायचा. तुमच्या त्या खेळाडूने एका स्पर्धेत जे सोसलं ते आम्ही चार वर्षं सोसलं, आणि आम्ही विचारलंही नाही.

फीवसूल | १४ ऑक्टोबर
अनुजा, तुमचं दुःख खरं, पण त्या मुलाचा त्यात काय दोष? तोही फी भरतो.

वकिलीण | १४ ऑक्टोबर
दोघांचंही बरोबर. म्हणून उत्तर डायरेक्टरकडे आहे, रसायनींकडे नाही. एक अर्धवेळ सहायक मागा. कारण म्हणून "मदत हवी" लिहू नका, "दोन्ही टीमना समान कोचिंग मिळत नाही" असं लिहा. तारीख घाला.

झणझणीत | १४ ऑक्टोबर
लॅब असिस्टंटऐवजी गोल्फ असिस्टंट. मी म्हणालोच होतो. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

अवांतर: पुणेरी, त्या इव्हान्सवाल्या योजनेचं जरा विपुत (माझ्या विचारपूस पानावर) कळवा. भाच्याला विचारायचंय. डॉक्टरांचा नाहीये.

रसायनी | २१ ऑक्टोबर
मागितला. तारीख घालून. डायरेक्टर म्हणाला वसंतात बघू. हिवाळाभर जिमच्या तळघरात नेट आणि एक हिरवं कार्पेट. व्हरमॉंटच्या मिडलबरी कॉलेजकडे स्वतःचा अठरा होलचा कोर्स आहे, टेनेसीत सिवानी विद्यापीठाकडे नऊ होलचा, तोही २०१३ मध्ये नामवंत कोर्स-रचनाकार गिल हान्सने नव्याने केलेला. आमच्याकडे कार्पेट आहे. त्याला डावीकडे उतार आहे, मुली म्हणतात आम्हाला आता डावीकडचे सगळे पट येतात.

रसायनी | १७ मार्च
धागा वर काढतोय. सहायक मिळाला नाही. कॅचर सॉफ्टबॉलला गेली, स्पेनवाली परत आली. त्यामुळे मुली पाच, विम्यासकट. पेयांची गाडी चालवणारी आता आमची पहिल्या नंबरची खेळाडू आहे, ८४.

नवी अडचण. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मुलांची स्पर्धा इंडियानात, मुलींची पेनसिल्व्हेनियात. व्हॅन एक, कोच एक.

निवांत | १७ मार्च
टॉस.

वकिलीण | १७ मार्च
टॉस अजिबात नको. ईमेल. आजच.

गोट्या | १७ मार्च
मुलांना व्हॅन, मुलींना कोच आणि वहिनींची गाडी.

पुणेरी पट | १७ मार्च
आणि दशम्या?

रसायनी | १८ मार्च
घरी विचारलं. दशम्या मुलींकडे. मुलांना गूळपोळी देणार आहे, पण त्यांनी व्हॅन धुऊन आणायची.